गरम ठेवलेलं इंजिन

रोहा,
पाडव्यानंतरचा मंगळवार

प्रिय चंद्रा,

पत्र पाहून आधी घाबरू नकोस. मी बरा आहे, बीपीची गोळी घेतो, दोन्ही वेळा जेवतो. तुला वाटेल, रोज संध्याकाळी फोन होतो, मग या म्हाताऱ्याला कागद काळे करायची हौस कुठून आली. पण आपला फोन म्हणजे काय असतो ते तूच सांग. आधी तो मैनाच्या हातात. नात मला शाळेतली कविता म्हणून दाखवणार. मग आदर्श 'बाबा, औषध घेतलं?' विचारणार, मग मनस्वी 'बाबा, या ना इकडे' म्हणणार, आणि घरभर फिरून तो तुझ्या हातात येईपर्यंत कुकरची शिट्टी झालेली असते. त्यात मला एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि मी इकडून ओरडतो. ओरडून माणूस काय बोलणार? 'जेवलीस का' एवढंच ओरडता येतं. बायकोशी बोलायचं बाकीचं सगळं हळू बोलायचं असतं, आणि ते इतकी वर्षं साठून राहिलंय.

पोस्टात टाकलं असतं तर पत्र आदर्शच्या हाती पडलं असतं, आणि त्यानं 'आई, बाबांचं लव्हलेटर!' म्हणून जिन्यातच वाचायला घेतलं असतं. पोरगा गुणी आहे, पण घरातलं काही एकट्याचं असू शकतं हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून सखाच्या हाती तुझ्या पापडांच्या मैत्रिणीकडे, हौसाकडे पाठवतोय. सखा तुला आठवत असेल, आमच्याकडे तेलाचा टँकर घेऊन यायचा तो. आता त्यानं स्वतःचा टेंपो घेतलाय आणि पेणला त्याच्या फेऱ्या असतात. त्याला सांगितलंय, वालाची पिशवी हौसाच्या अंगणात उतरव, पण कागद चंद्राच्याच हातात दे. तो हसला. हसू दे.

बातमी अशी की कंपनीतलं आमचं वीज करायचं इंजिन विकलं गेलं. बंद झालंय हे तुला माहीत आहे, पण मला वाटलं होतं भंगारात जाईल. तसं नाही. आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात एक बेट आहे, त्याचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, तिथल्या वीजकंपनीनं ते घेतलंय. सुटं करून, पेट्यांत भरून, जहाजानं जाणार. आणि ते घेणारे साहेब मला म्हणतात, काका, इंजिनाबरोबर तुम्हीही चला. दोन वर्षांसाठी. शनिवारी मला हो की नाही ते सांगायचंय. हे मी घरी अजून कुणाला बोललेलो नाही. आदर्शला सांगितलं तर तो लगेच नाही म्हणेल, आणि मला त्याचं नाही नकोय.

मैनानं एकदा विचारलं होतं, आजोबा, तुम्ही लाईट बनवता? मी व्हय म्हटलं आणि ती माझ्या हातांकडे बघत बसली. मग तिला समजावून सांगायला गेलो आणि फसलो. तुलाही मी कधी नीट सांगितलं नाही. तू विचारायचीस आणि मी 'तुला नाय कळायचं' म्हणायचो, खरं म्हणजे मला सांगता यायचं नाही. जमिनीतून निघालेल्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल असं सगळं चांगलंचुंगलं काढून घेतलं की तळाला काळं, जड तेल उरतं. काकवीसारखं. थंड झालं की हलत नाही. ते तापवायचं, गाळायचं, पुन्हा तापवायचं, तेव्हा कुठे ते पाण्यासारखं होऊन इंजिनात जातं आणि इंजिन जनित्र फिरवतं. देशात मोठी वीज होते ती कोळशावर आणि धरणांवर. तेलाची वीज महाग, म्हणून ती अडीनडीची. पण अडलेल्या वेळी तिच्यासारखं कोणी नाही. कोळशाच्या भट्टीला तापायला दिवस जातो. आमचं इंजिन गरम असलं तर काही मिनिटांत अंगावर भार घ्यायचं, लोड घेणं म्हणतो आम्ही त्याला.

गरम असलं तर, चंद्रा. सगळी मेख तिथेच होती. लोडशेडिंगच्या वर्षांत प्रश्नच नव्हता, तेव्हा ते रात्रंदिवस चालायचं. आठवतं, आख्खं रोहा अंधारात आणि धाटावला आमची कंपनी लखलखत असायची. शेजारीण कुरकुरायची आणि तू अभिमानानं सांगायचीस, 'आमच्यांनी चालू ठेवलंय, नायतर तिथं भांड्यात शिजतंय ते उकलून वर येईल.' बरोबरच होतं ते. रसायन शिजत असताना ढवळणं थांबलं की आत काय होईल याची हमी नसते. पुढे बाहेरची वीज सुधारली. तेल महागलं, धुराचे नियम आले. इंजिन बंद ठेवायचं ठरलं, पण बंद म्हणजे पूर्ण बंद नाही. कधी वीज गेलीच तर लगेच उभं राहायला हवं. म्हणून त्याच्या अंगातून गरम पाणी फिरवत ठेवायचं, तेलाच्या टाक्या तापत्या ठेवायच्या, आठवड्यातून एकदा थोडा वेळ चालवून बघायचं. वर्षानुवर्षं मी हेच केलं. न चालणारं इंजिन गरम ठेवलं.

तू त्याला म्हस म्हणायचीस. मी घरात शिरलो की, 'अवो, तुमच्या म्हशीचं चारापानी झालं का?' पहिल्यांदा मला राग आला होता. पण तुझं बरोबर होतं. म्हैस पाळणाऱ्याला एक दिवस गाव सोडता येत नाही. तुझ्या माहेरी खारेपाटात लग्न निघालं की मी हळदीला आलो तर लग्नाला नाही, लग्नाला आलो तर जेवायला नाही. सासरेबुवा वारले तेव्हाही तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर होतो. खंडेनवमीला मात्र तू कंपनीत हक्कानं यायचीस. वर्षातून तेवढा एकच दिवस घरच्यांना आत सोडायचे. तू झेंडूची माळ घेऊन यायचीस, इंजिनाला हळदकुंकू लावायचीस आणि त्याच्या कानात बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटायचीस. काय बोलायचीस ते कधी सांगितलं नाहीस. गेल्या दसऱ्याला माळ मी घातली. आणलेली फुलं कमी पडली, आणि नारळ फोडायला आम्ही तिघंच होतो.

मैना झाली तेव्हा तू आदर्शकडे पेणला गेलीस. तेव्हा बोलणं झालं होतं की पोर मान धरेपर्यंत. मग बसायला लागेपर्यंत झालं, मग बालवाडीत जाईपर्यंत. आता ती पहिलीत आहे. मी तक्रार करत नाही, खरंच नाही. दोघं नोकरीला, पोर कुणाच्या गळ्यात टाकणार? आणि रोह्याहून पेण काही काळ्या पाण्यावर नाही. पण गंमत बघ, लांबचं माणूस सुट्टीत तरी येतं. जवळच्याचं 'कधीही येता येईल' असं असतं, त्यामुळे ते कधीही येतच नाही. तू दिवाळीला येतेस, घर धुऊन काढतेस, डबे भरून ठेवतेस आणि भाऊबीजेला परत. तू गेल्यावर मी डबे उघडून बघत बसतो. चकली संपली तरी डबा घासून ठेवायला मन होत नाही, असं काहीतरी वेड्यासारखं चाललेलं असतं.

रविवारी मी कोलाडला गिरजाबाईच्या हॉटेलात जेवायला जातो हे तुला माहीत आहे. घावणे आणि सुक्या जवळ्याची चटणी. ती दर वेळी ताट ठेवताना विचारायची, 'काय भावजी, वहिनी कधी येनार?' मीही दर वेळी सांगायचो, या महिन्यात. तिलाही माहीत होतं, मलाही. पण विचारायची. परवा गेलो तर तिनं विचारलंच नाही. गिऱ्हाईक होतं, कामात होती, विसरली असेल. पण मी ताट अर्धं टाकून उठलो. परत येताना अष्टमीच्या पुलावर थांबलो, खाली कुंडलिकेचं पाणी बघितलं, आणि चंद्रा, मला इतकं एकटं वाटलं की रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला मी उगाच विचारलं, किती वाजले. हातात घड्याळ असताना. त्यानं माझ्या घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वेळ सांगितली.

तू म्हणशील, मग इकडे का येत नाही राहायला. येतो की. येतो आणि दुसऱ्या दिवशी पळतो. आदर्शच्या रामवाडीच्या फ्लॅटमध्ये मला कुणी काही कमी करत नाही, पण तिथे माझी जागा म्हणजे हॉलमधला दिवाण. तू आत मैनाजवळ. घरभर शांतता. इतकी वर्षं कानाशी घरघर, शांततेत मला झोप लागत नाही, म्हणून मी दुपारचा सरकत सरकत फ्रिजच्या भिंतीला पाठ लावून झोपतो. तो उन्हाळा आठवतो ना? भरदुपारी लाईट गेली, फ्रिज थांबला आणि मी गंजीफ्रॉकवर ताडकन उठलो. समोर सूनबाई सरबताचा ट्रे घेऊन उभी. तिच्या अंगावर ओरडलो, 'बघतेस काय, लोड घे! लोड घे!' आणि जिना उतरून खाली पार्किंगमध्ये गेलो, पॅनेल शोधायला. बिचारी मनस्वी. तिनं ट्रे खाली ठेवला नाही की मागे सरली नाही, 'घेते बाबा, घेते' म्हणाली. सगळे पोट धरून हसलात. मीही हसलो. पण जिन्यातच मला कळलं होतं की या घरात मला कुणी हाक मारणार नाही. लाईट गेली तर आदर्श इन्व्हर्टरचं बटण दाबतो. तो आता बसवलाच आहे त्यानं.

इंजिन बंद केलं त्या दिवसाबद्दल मी तुला फोनवर 'झालं एकदाचं' एवढंच ओरडलो होतो. आता सांगतो. नव्या मालकांनी बाहेरून विजेची दुसरी लाईन घेतली, छपरावर सौर पत्रे लावले. त्यांचं काही चुकलं नाही. सकाळी साहेब आले, म्हणाले, काळुराम, शेवटचं चालवून घ्या आणि थांबवा. आमच्यात थांबवायचीही रीत असते. जड तेलावर चालू असलेलं इंजिन तसंच थांबवायचं नाही. आधी त्याला डिझेलवर आणायचं, थोडा वेळ चालू द्यायचं, म्हणजे नळ्यांतलं काळं तेल निघून जातं. नाहीतर ते आतच गोठतं आणि मग इंजिन उघडल्याशिवाय सुटका नाही. मी सगळं रीतीनं केलं. थांबवलं. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत, साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना फोन आला. त्या शांततेतही आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलत होतो. मग गरम पाणी फिरवणारे पंपही बंद केले. दुसऱ्या दिवशी गेलो आणि सवयीनं हात लावला. थंड. इतक्या वर्षांत मी त्याला थंड कधी बघितलंच नव्हतं. मी हात काढला आणि बाहेर येऊन बाकावर बसलो, आणि रडलो. म्हातारा माणूस, कंपनीच्या आवारात. वॉचमननं बघून न बघितल्यासारखं केलं.

त्यानंतर आठवडाभरानं ते बेटाचे साहेब आले. तरुण आहे, मराठी नाही, पण मला काका म्हणतो. मोबाईलवर फोटो दाखवले. समुद्राला लागून पत्र्याची मोठी शेड, मागे नारळ, अगदी अलिबागकडे असावं तसं. म्हणाला, काका, तिथे कोळसा नाही, नदी नाही. जहाजातून तेल येतं आणि त्यावर सगळं बेट चालतं. दवाखाना, मासळीचा बर्फाचा कारखाना, शाळा. सौरऊर्जा येतेय, पण सूर्य बुडाला की सगळा भार तेलावरच. हे इंजिन तिथे एक दिवसही बंद राहणार नाही. त्याला तुमची सवय आहे, तुम्ही असलात तर आमच्या पोरांना शिकवाल. खोली मिळेल, भात-मासळी मिळेल.

मला काय वाटलं ते खरं सांगू? मला आनंद झाला. घरी आलो तो शीळ घालत आलो. म्हणजे मला अजून कुणीतरी बोलावतंय. इथे इतकी वर्षं ज्याला नुसतं तयार ठेवलं, ते तिथे रोज चालेल, आणि त्याच्याबरोबर मीही. संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतील आणि त्यांच्या डोक्यावरचा दिवा माझ्या हातचा असेल. पासपोर्टचे फोटोसुद्धा काढून आलो. फोटोत मी तुझ्या भावासारखा दिसतो, त्यामुळे तो तुला आवडणार नाही.

आणि तरी मी हो म्हटलं नाही. आधी तुला सांगायचं ठरवलं. फोनवर नको, समोर बसून. आता म्हस नव्हती, आठवड्याच्या मधल्या वारीही मला येता येत होतं, याचंच मला अप्रूप वाटलं. फाल्गुनातल्या त्या बुधवारी सकाळी निघालो. गावाहून शेवग्याच्या शेंगा आल्या होत्या, त्या घेतल्या. हो, हौसाच्या फाटकाला शेंगांची पिशवी अडकवून कोण गेलं म्हणून तुम्ही चार दिवस डोकं खाजवत होतात ना, तो मीच. फोनवर तू ती गोष्ट सांगितलीस आणि मी 'असेल कोणीतरी' म्हणालो.

घरी गेलो तर कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, आजी पापडांना गेल्या. मी हौसाचं घर शोधत आलो. अंगणात मांडव घातलेला, खाली तुम्ही सातआठ जणी, पोह्याच्या पिठाचे गोळे, लाटणी, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या जुन्या साड्यांची सावली. मी फाटकाशी आलो आणि तू दिसलीस. तू उभी होतीस, पदर खोचलेला, आणि सगळ्या तुझ्याकडे बघत होत्या. हौसा म्हणत होती, 'काय गो चंद्रा, परत करून दाखव, परत!' आणि तू करून दाखवलंस. तू मी झालीस. खाली बसलीस, ताडकन उठलीस, डोळे विस्फारलेस, 'बघतेस काय, लोड घे!' ओरडलीस आणि लाटणं घेऊन अंगणभर धावलीस. बायका लोळायच्या बाकी होत्या. तूही हसत होतीस, खोकला लागेपर्यंत. रोह्यात इतक्या वर्षांत मी तुला असं हसताना पाहिलेलं नाही. मी फाटकाला पिशवी अडकवली आणि मागे फिरलो. मिळेल त्या एसटीनं परत आलो.

रागावलो नव्हतो. मला लाज वाटली, आणि वाईटही वाटलं, आणि थोडा हेवा वाटला. मला वाटलं, हिचं इथे बरं चाललंय. आपल्याला हिनं गोष्टीत घालून टाकलंय, आणि गोष्टीतला माणूस दारात येऊन उभा राहिला तर कुणालाच नको असतो. पुढचे काही दिवस मी बेटाचीच तयारी केली. जाड चपला घेतल्या. सखाला सांगून पत्र्याची पेटी आणली. फोनवर मात्र रोज 'जेवलीस का' ओरडत राहिलो, आणि तू रोज 'व्हय, तुम्ही?' म्हणत राहिलीस.

मग पाडव्याच्या दिवशी एकटाच गुढी उभारत होतो आणि मला ते पुन्हा आठवलं. हसण्याच्या आधीचं. तू लाटणं घेऊन धावलीस, पण उठण्यापूर्वी एक क्षण थांबली होतीस. मान डावीकडे कलती केलीस, उजवा कान पुढे, आणि डाव्या हाताची बोटं जमिनीला टेकवलीस, हादरा कळावा म्हणून. तसं मी करतो, चंद्रा. इंजिनाजवळ गेलो की आधी तसंच करतो. रामवाडीच्या त्या दुपारी दिवाणावरून उठायच्या आधीही मी फरशीला बोटं लावली असतील, मला ठाऊक नाही, पण तुला ठाऊक होतं. बाकी कुणाला ते दिसलं नसेल. आदर्शला तर नाहीच. गुढीचा तांब्या हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. मी समजत होतो की मी घरी नसायचो आणि असलो तरी तू तुझ्या कामात असायचीस. तू मला कधी इतकं निरखून बघितलंस? खंडेनवमीला? की रोजच बघत होतीस आणि मी त्या म्हशीच्या पोटाला कान लावून बसलो होतो? ते तू चेष्टेनं केलंस की मायेनं, हे मला अजून सांगता येत नाही. दोन्ही असेल. पण त्या दिवसापासून पेटीत कपडे भरणं थांबलंय.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. सखानं पेणच्या जुन्या आळीत एक खोली बघितलीय. मीही जाऊन आलो, काल, तुम्हाला न सांगता. एक खोली, मागे मोरी आणि पुढे ऐसपैस पडवी, दिवसभर ऊन असतं, तुझे पापड तिथे वाळतील. रामवाडीहून रिक्षा येते, मैनाची शाळा सुटली की तिला तिकडेच आणता येईल, म्हणजे पोरांची अडचण नाही, आणि तुला हौसा सोडायला नको. खोलीवाल्याला मी अजून होकार दिलेला नाही आणि साहेबांनाही नाही. कारण मला आपल्या बघण्याचा दिवस आठवला. सासरेबुवांहून थोरले म्हणून तुझ्या काकांच्या ओटीवर बसलो होतो, तू पोह्यांची बशी घेऊन आलीस. माझ्या वडिलांना विचारलं, तुझ्या काकांना विचारलं, मामाला विचारलं, मला आत नेऊन विचारलं. काका म्हणाले, पोरीची पसंती आहे, आणि सुपारी फुटली. तुला कुणी विचारलंच नाही, तशी पद्धतच नव्हती. इतकी वर्षं संसार झाला, पण तू हो म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. म्हणून आता मी विचारतोय. तू नाही म्हणालीस तरी माझा राग नाही, मी बेटावर जाईन आणि तिथून फोनवर ओरडेन. शुक्रवारी सखा परत येताना हौसाकडे थांबेल, त्याच्याकडे दोन ओळी दे. फोनवर सांगू नकोस, तिथे सगळं घर ऐकतं. आणि काकांना विचारून सांगते असं लिहू नकोस, ते बिचारे कधीच गेले. चंद्रा, मला तुझ्याजवळ राहायचंय. तुला आवडेल का?

तुझाच, तू विचारात घेशील तर,
काळुराम